कासरा कोणाच्या हाती? डॉल्फिनची शिकार आणि तिच्यावरचे माहितीपट

आमच्या वाचनालयात महिन्यातून एका शनिवारी माहितीपट दाखवतो. भिंतीवर पांढरी चादर, शाळेतून उसना आणलेला प्रोजेक्टर आणि वीज टिकेल तोवर कार्यक्रम. मागच्या खेपेला जपानमधल्या डॉल्फिनच्या शिकारीवरचा ‘द कोव्ह’ लावला होता. खाडीचं हिरवट निळं पाणी बघता बघता लाल होतं, तो प्रसंग आला आणि मागच्या रांगेतला भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. दिवे लागल्यावरही बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एसटीतून निवृत्त झालेले आप्पा म्हणाले, “सर, आपलाले काय करनं शे त्यानं? आपली तापीमा पानीच ऱ्हात नही, डॉल्फिन कथाइन यी?”

हशा पिकला. आप्पांचं चुकत नव्हतं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे तापीचं पात्र जागोजागी पायी ओलांडता येतं. समुद्र बघायला लोक मुंबईला किंवा दमणला जातात, एक फोटो काढतात आणि परत येतात. पण आप्पांच्या प्रश्नामागून आणखी प्रश्न निघत गेले आणि वाचनालयाला कुलूप लावायला रात्रीचे साडेदहा वाजले. बऱ्याच प्रश्नांना माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचलं, टिपणं काढली. त्या टिपणांचाच हा लेख.

“मासाच शे ना तो?”

हे आठवीतल्या एका मुलीने विचारलं. नाही, डॉल्फिन मासा नाही. माशासारखा दिसतो, पाण्यात राहतो, पण त्याला कल्ले नसतात, आपल्यासारखी फुप्फुसं असतात. डोक्यावर एक श्वासरंध्र असतं आणि दर काही मिनिटांनी वर येऊन त्यातून श्वास घ्यावाच लागतो. मादीला पिल्लू होतं आणि ती त्याला दूध पाजते. नात्याने तो देवमाशाच्या घरातला, म्हणजे ‘देवमासा’ हा शब्दही फसवाच.

हा फरक नुसता परीक्षेतल्या एका गुणापुरता नाही, पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. रोहूची मादी एका हंगामात लाखांनी अंडी घालते, त्यामुळे तळं उपसलं तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा भरतं. डॉल्फिनची मादी म्हशीपेक्षाही जास्त दिवस, जवळजवळ वर्षभर, गाभण राहते. पिल्लू एकच होतं आणि दुसरं व्हायला साधारण तीन वर्षं जातात. ज्या गोठ्यात तीन वर्षांनी एक वासरू होतं, तिथून दरवर्षी दहा जनावरं नेली तर काय होईल, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या कानांची. अंधारात विहिरीला पाणी किती आहे हे बघायला आपण खडा टाकतो आणि आवाज ऐकतो. डॉल्फिन आयुष्यभर तेच करत असतो. टिक-टिक असे बारीक आवाज तो सोडतो, ते समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात आणि त्यावरून पुढे मासा आहे की खडक, किती लांब, किती मोठा, हे त्याला कळतं. वटवाघळाची रीतही हीच. गंगेतला डॉल्फिन तर जवळपास आंधळाच असतो, गढूळ पाण्यात तो निव्वळ आवाजावर जगतो. शिकारीची सगळी युक्ती याच कानांवर बेतलेली आहे.

हाका

सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या एका बाबांना ती युक्ती समजावावी लागली नाही. पडद्यावर होड्यांची रांग दिसली तेव्हाच ते पुटपुटले होते, “हाऊ ते हाकाच शे!”

अगदी बरोबर. केळीच्या किंवा मक्याच्या शेतात शिरलेली रानडुकरं बाहेर काढायला माणसं एका बाजूने रांग धरतात, डबे वाजवतात, आरडाओरडा करतात. जनावर आवाजापासून लांब पळतं आणि हाका घालणाऱ्याला हवं तिकडेच जाऊन पोचतं. जपानच्या वाकायामा प्रांतात ताइजी नावाचं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव आहे. तिथे दर वर्षी १ सप्टेंबरपासून पुढे वसंतापर्यंत हेच समुद्रात चालतं. डझनभर होड्या पहाटे निघतात. कळप दिसला की होड्या अर्धगोल धरतात, लांब लोखंडी नळ्यांची टोकं पाण्यात सोडतात आणि वरून हातोडीने ठोकत राहतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. जो प्राणी कानांनी बघतो, त्याच्या भोवती ही आवाजाची भिंतच उभी राहते. कळप घाबरून किनाऱ्याकडे पळतो, एका अरुंद खाडीत शिरतो आणि मागून जाळी ओढली जातात.

त्यानंतर सारंगखेड्याचा बाजार आठवावा. दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा पारखायला येतात तसे इथे डॉल्फिनचे प्रशिक्षक येतात. वय, अंगावरचे व्रण, नर की मादी, सगळं बघतात. तरुण माद्यांना पसंती असते. निवडलेले डॉल्फिन मत्स्यालयांना आणि डॉल्फिनचे खेळ करणाऱ्यांना विकले जातात. उरलेल्यांपैकी काहींना परत समुद्रात सोडतात, बाकीच्यांना मांसासाठी मारतात. पूर्वी भाल्यांनी मारत. नंतर श्वासरंध्राच्या मागे लोखंडी सळई खुपसून कणा तोडायची पद्धत आली आणि रक्त बाहेर येऊ नये म्हणून त्या भोकात लाकडी खुंटी ठोकू लागले. या पद्धतीने मरण लगेच येतं, असं सांगण्यात येत होतं. चोरून केलेलं चित्रीकरण तपासून शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये लिहिलं की तसं होत नाही. खुंटीचा एक उपयोग मात्र नक्की झाला: पाणी पूर्वीसारखं लाल होईना, म्हणजे कॅमेऱ्यालाही ते पूर्वीसारखं दिसेना.

आता पैशाचं. चित्रपटात सांगितलेला भाव असा: मांसासाठी मारलेल्या डॉल्फिनचे सहाशे डॉलर, खेळासाठी जिवंत विकलेल्याचे दीड लाख डॉलरपर्यंत. हे आकडे पडद्यावर आले तेव्हा आमच्या इथला एक केळीचा व्यापारी म्हणाला, “मग हा धंदा मांसाचा नाहीच.” चित्रपटकर्त्याचं म्हणणंही नेमकं हेच आहे. मटणाचं दुकान समोर दिसतं, पण ते चालतं मागच्या जनावरांच्या बाजारावर.

व्हॉट्सॲपवर येतो तो व्हिडिओ कुठला?

बहुतेकांनी लाल पाण्याचा जो व्हिडिओ फोनवर पाहिलेला असतो तो जपानचा नसतोच. त्याखाली लिहिलेलं असतं, “डेन्मार्कमध्ये मुलं वयात आली की डॉल्फिन मारून पुरुषार्थ सिद्ध करतात.” ही थाप आहे. व्हिडिओ असतो फेरो बेटांचा. ही बेटं डेन्मार्कच्या राज्यात असली तरी त्यांचा कारभार स्वतंत्र आहे. तिथे शेकडो वर्षांपासून पायलट व्हेल नावाच्या, डॉल्फिनच्याच कुळातल्या मोठ्या प्राण्याचा हाका होतो. वयात येण्याचा विधी वगैरे काही नाही. अन्नासाठी मारतात, मांस गावात वाटून घेतात आणि मारणाऱ्याला आता परवान्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

१२ सप्टेंबर २०२१ रोजी तिथे एकाच दिवशी १,४२८ डॉल्फिन मारले गेले. जगभर ओरड झाली, ती दरवर्षीच होते. या वेळी खुद्द बेटावरचेच लोक चिडले. एवढं मांस कोण खाणार, पुरेशी माणसं नसताना हाका घातलाच कशाला, असं तेच विचारू लागले. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने त्या दिवशी मारल्या गेलेल्या जातीच्या डॉल्फिनवर वर्षाला पाचशेची मर्यादा घातली. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तिसरं ठिकाण सॉलोमन बेटांमधलं मलाइता. तिथले लोक होडीतून पाण्याखाली दगडावर दगड आपटून हाका घालतात. त्यांना मांस हवं असतंच, पण दातही हवे असतात. डॉल्फिनचे दात तिथे दागिन्यात आणि लग्नात मुलीच्या घरी द्यायच्या ऐवजात चालतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत देज असतं, तसंच ते. मी हे सांगितलं तेव्हा पायथ्याचे बाबा पहिल्यांदा मोठ्याने हसले. फक्त त्यांच्या देजात कोणाचे दात मोजत नाहीत.

हे कायद्याने बंद नाही का?

बऱ्याच जणांना वाटतं की देवमाशांच्या शिकारीवर जगभर बंदी आहे, म्हणजे डॉल्फिनही त्यात आले. नाही आले. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकार थांबवायचा निर्णय १९८२ मध्ये घेतला, तो १९८६ पासून लागू झाला, पण तो मोठ्या देवमाशांपुरता. डॉल्फिनसारखे छोटे भाईबंद कोणाच्या अखत्यारीत यावर त्या आयोगात कधीच एकमत झालं नाही. त्यामुळे जपानमध्ये डॉल्फिनची शिकार सरकारी परवान्याने आणि ठरवून दिलेल्या आकड्यात होते. २०१९ मध्ये तर जपान त्या आयोगातूनच बाहेर पडला आणि मोठ्या देवमाशांची व्यापारी शिकारही पुन्हा सुरू केली.

चित्रपटाने काय केलं, काय नाही

‘द कोव्ह’ २००९ साली आला, दिग्दर्शक लुई सिहोयोस. मार्च २०१० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. खाडीला पहारा असायचा, म्हणून या मंडळींनी सिनेमाचे देखावे बनवणाऱ्या कारागिरांकडून पोकळ खोटे दगड करून घेतले, त्यात कॅमेरे बसवले आणि रात्री जाऊन ते कड्यावर ठेवून आले. बघताना हेरपटासारखी धडधड होते ती यामुळे.

चित्रपटाच्या मध्यभागी रिक ओबॅरी नावाचा माणूस आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत ‘फ्लिपर’ ही डॉल्फिनवरची मालिका गाजली, तिच्यातल्या डॉल्फिनांना याने शिकवलं होतं. त्यांच्यातली कॅथी १९७० मध्ये त्याच्या हातात मेली. डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही, प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. कॅथीने तो घ्यायचाच थांबवला, ती आत्महत्या होती, असं ओबॅरी मानतो. मला हे पटवून घेणं जड जातं, मुक्या जनावराच्या मनातलं कोण सांगणार. पण ज्याने डॉल्फिनचे खेळ लोकप्रिय केले तोच आयुष्यभर ते बंद करत फिरतो, हे काही खोटं नाही. डोळ्यांत पाणी येतं ते त्याच्यामुळे.

जपानमध्ये उलटं झालं. २०१०च्या जूनमध्ये निदर्शनांच्या धास्तीने काही चित्रपटगृहांनी खेळ रद्द केले. जुलैत तो काही ठिकाणी लागला, गावकऱ्यांचे चेहरे धूसर करून. ताइजीच्या लोकांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. तिथे देवमाशाची शिकार १६०६ पासून चालत आलेली. १८७८ मध्ये एका देवमाशामागे गेलेले शंभराहून जास्त गावकरी वादळात बुडाले, घरटी माणूस गेला म्हणा. अशा गावात परका माणूस कॅमेरा लपवून येतो, तोंडं टिपतो आणि इंग्रजीत पाप-पुण्य सांगतो. तिकडूनही मग उत्तरं आली. केइको यागी या जपानी बाईंनी २०१५ मध्ये ‘बिहाइंड द कोव्ह’ हा उलट बाजू मांडणारा माहितीपट काढला.

शिकार थांबली का? नाही. हजारांत असलेला मारल्या जाणाऱ्यांचा आकडा अलीकडच्या हंगामांत काही शेंवर आला आहे. मांसाला पूर्वीसारखं गिऱ्हाईक उरलेलं नाही, हे त्यातलं मोठं कारण.

आणि इथे मला आपला कासरा आठवतो. बैल चुकीच्या शेतात शिरला तर बांधावर उभं राहून शंभर जणांनी शिव्या दिल्या तरी बैल हलत नाही. ज्याच्या हातात कासरा आहे त्याने ओढला की वळतो. ‘द कोव्ह’ बघून रडलेल्या लाखो माणसांच्या हातात ताइजीचा कासरा नव्हता. ते तिथलं मांस खात नव्हते, तिथे मतदान करत नव्हते. फेरोत चिडले ते खुद्द बेटावरचे, कासरा त्यांच्याच हातात होता, म्हणून पाचशेची मर्यादा आली. थोडासा कासरा होता तो प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेकडे. २०१५ मध्ये तिने जपानी संघटनेचं सदस्यत्व स्थगित केलं आणि महिनाभरात जपानी संघटनेने सदस्य मत्स्यालयांना ताइजीच्या हाक्यातले डॉल्फिन घ्यायला बंदी केली. काही मत्स्यालयं संघटनेतूनच बाहेर पडली, तो भाग वेगळा.

याच्या शेजारी ‘ब्लॅकफिश’ ठेवून बघा. २०१३चा हा माहितीपट टिलिकम नावाच्या ओर्काचा, म्हणजे डॉल्फिनच्या कुळातल्या सर्वांत मोठ्या प्राण्याचा. १९८३ मध्ये, दोनेक वर्षांचा असताना, त्याला आइसलँडजवळ पकडलं. पुढची सगळी वर्षं टाक्यांत गेली, त्या काळात तीन माणसांच्या मृत्यूशी त्याचं नाव जोडलं गेलं. त्यातली शेवटची २०१० मध्ये गेलेली त्याची प्रशिक्षक. माहितीपट पाहणारे बहुतेक अमेरिकी होते आणि टिलिकमचे खेळ करणाऱ्या सीवर्ल्ड कंपनीची तिकिटंही तेच काढायचे. तिकिटं खपेनात. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ओर्काची पैदास बंद केल्याचं जाहीर केलं. ना परदेशी गाव, ना लपवलेला कॅमेरा, पण बघणाऱ्याच्याच खिशात कासरा होता.

भारतात त्याच २०१३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने डॉल्फिनच्या खेळांची केंद्रं काढायला परवानगी देऊ नये असं परिपत्रक काढलं. त्यावरून “भारताने डॉल्फिनला माणसाचा दर्जा दिला” अशी बातमी फिरते. तसं काही नाही. काही शास्त्रज्ञांच्या मते डॉल्फिनला ‘मानवेतर व्यक्ती’ मानावं, एवढा उल्लेख त्यात होता, कायद्याने दर्जा दिलेला नाही.

मांसातला पारा

‘द कोव्ह’चा दुसरा मोठा मुद्दा विषाचा. दगडी कोळसा जाळला की त्यातला थोडा पारा हवेत जातो, तिथून पाण्यात. पाण्यातले जिवाणू त्याचं अधिक घातक रूप तयार करतात. शेवाळात तो नावाला असतो. शेवाळ खाणाऱ्या बारक्या जिवात थोडा जास्त, बारके जीव खाणाऱ्या माशात आणखी, तो मासा खाणाऱ्या मोठ्या माशात त्याहून. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा तो प्रत्येक पायरीवर चढत जातो आणि डॉल्फिन असतो अगदी वरच्या पायरीवर. पाऱ्याने काय होतं हे जपानला कोणी शिकवायला नको, मिनामाताची विषबाधा १९५६ मध्ये त्यांच्याकडेच उघडकीला आली.

मात्र इथे चित्रपट जरा हात सोडून रंगवतो. २०१० मध्ये ताइजीतल्या हजारावर लोकांचे केस तपासले गेले. पाऱ्याचं प्रमाण देशातल्या इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. पण पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणं त्या तपासणीत आढळली नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माहितीपट एक सांगतो, गाव दुसरी सांगतं.

“आपण बोकड कापतोच की!”

हा प्रश्न येणारच होता. विचारणाऱ्याच्या घरी आदल्याच आठवड्यात नवसाचा बोकड झालेला, त्यामुळे तो पोटतिडकीने बोलत होता. त्याचं म्हणणं: गाय खाणाऱ्याने डॉल्फिन खाणाऱ्याला शिकवू नये. हे बरोबर आहे, आणि ‘द कोव्ह’ या प्रश्नाला नीट भिडत नाही, अशी माझी तक्रार आहे. डॉल्फिन हुशार आहे, आरशात स्वतःला ओळखतो, म्हणून मारू नये, असं म्हटलं की मठ्ठ जनावर खुशाल मारावं असा त्याचा अर्थ निघतो. तो मला मान्य नाही.

पण फरकही आहे. बोकड आपण पाळतो, वाढवतो, दरवर्षी नवी करडं होतात. डॉल्फिन कोणी पाळलेला नाही, त्याला चारा कोणी घातलेला नाही आणि त्याची भर तीन वर्षांनी एक अशी पडते. शिवाय हाक्यात एखादं जनावर जात नाही, आई, मावश्या, पिल्लं असा कळपच्या कळप जातो. आपल्याकडे गाभण जनावर कापत नाहीत. हाका घालणाऱ्याला असं निवडताच येत नाही. यापलीकडे हिंसेचा मूळ प्रश्न उरतोच. तो मी त्या रात्री सोडवला नाही, इथेही सोडवत नाही.

कॅमेऱ्याला न दिसणारी शिकार

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त हलवलं ती. ताइजी, फेरो, मलाइता सगळं एकत्र केलं तरी जगात मरणाऱ्या डॉल्फिनांचा तो लहानसा वाटा आहे. खूप जास्त डॉल्फिन मरतात ते त्यांना मारायची कोणाचीच इच्छा नसताना.

रानडुकरासाठी बांधावर तारेचा फास लावतात आणि त्यात बिबट्या अडकतो, हे आपण वर्षातून एक-दोनदा वाचतोच. समुद्रात याला बायकॅच म्हणतात: धरायचं होतं एक, सापडलं भलतंच. त्यातलं सगळ्यात वाईट जाळं म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं सोडलेलं बारीक नायलॉनचं. लांबी कधी कधी अनेक किलोमीटर. तो धागा इतका बारीक की डॉल्फिनच्या आवाजालाही तो सहज सापडत नाही. डॉल्फिन माशांमागे येतो, शेपटी किंवा चोच गुंतते, वर जाता येत नाही, आणि पाण्यात जन्मलेला प्राणी काही मिनिटांत बुडून मरतो.

शास्त्रज्ञांचा बऱ्याच वर्षांपूर्वीचा अंदाज होता की जगभरात असे वर्षाला तीन लाखांहून जास्त डॉल्फिन आणि देवमासे मरतात. एकट्या हिंदी महासागरात, ट्यूना पकडणाऱ्या अशा उभ्या जाळ्यांत १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख छोटे डॉल्फिन-कुळातले प्राणी मेले असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्याच समुद्रात. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला वाकिता हा डॉल्फिन-देवमाशांच्या गोतातला सगळ्यात छोटा प्राणी दुसऱ्याच माशासाठी लावलेल्या जाळ्यांत अडकून अडकून आता दहाच्या आसपास उरला आहे. कोणी त्याचा हाका घातला नाही, कोणी त्याचं मांस विकलं नाही.

इथे पाणी लाल होत नाही. रात्री, खोल समुद्रात, पाण्याखाली सगळं होतं आणि सकाळी मेलेलं जनावर परत पाण्यात टाकलं जातं. त्याचा चित्रपट काढायचा कसा? बिचारा कोळी यात खलनायकही होत नाही. फाटलेल्या जाळ्याचा खर्च त्याच्याच डोक्यावर असतो.

मग “आपलाले काय करनं शे?”

आप्पांचा प्रश्न अजून तसाच आहे. तापीत डॉल्फिन नाहीत. गंगेत आहेत, तिकडे त्यांना सोंस म्हणतात. तो २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर आहे. देशभरातल्या नद्यांतल्या डॉल्फिनांची पहिली मोजणी २०२५ मध्ये जाहीर झाली: ६,३२७, त्यात पंजाबातल्या बियासमधले सिंधू जातीचे फक्त तीन. कोकणच्या किनाऱ्यावर डॉल्फिन दिसतात ते आपल्यापैकी काहींनी हर्णै-तारकर्लीच्या सहलीत पाहिलेतही.

पण आपल्या आठवडे बाजारात सुकट आणि बोंबील येतो तो समुद्रातूनच. नवापूरकडच्या कोंबड्यांचं गाव सगळ्यांना माहीत आहे. कोंबडीखाद्यात सुक्या मासळीची भुकटी घालतात, ती मासळीही समुद्रातली. सगळा बोंबील डॉल्फिन मारून येतो असं मुळीच नाही, बोंबलाची डोल जाळी निराळीच असतात. पण समुद्र खान्देशात येत नाही, हे काही खरं नाही. तो दर बाजाराला पिशवीतून येतो.

आणि खान्देश समुद्रात जातो का? केळीच्या घडाला आपण पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या घालतो. घड निघाला की पिशवी बांधावर, पहिल्या पुरात नाल्यात, नाल्यातून तापीत. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी बॅरेजेस ओलांडत उकाईपर्यंत. खरं सांगायचं तर बरंचसं उकाईतच अडकत असावं. पण झिजून बारीक झालेलं प्लास्टिक धरणाच्या भिंतीला विचारून थांबत नाही, आणि उकाईखाली सुरत, सुरतेखाली समुद्र. आप्पा हे ऐकून गप्प झाले. त्यांच्या पोराची केळी आहे.

व्हाली

शेवटी मी त्यांना उकाईच्या त्या बाजूची एक गोष्ट सांगितली. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो. हा मात्र खरोखरचा मासा, जगातला सगळ्यात मोठा, एसटीच्या गाडीएवढा, आणि खातो बारीक जीव. वेरावळकडचे कोळी त्याला ‘बॅरल’ म्हणायचे, कारण त्याला पकडताना गळाला पिंपं बांधत. यकृताचं तेल होड्यांना चोपडायला, मांस परदेशी. माइक पांडे यांनी या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला आणि २००१ मध्ये सरकारने व्हेल शार्कला वाघाच्या बरोबरीने, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं.

कायदा झाला, पण समुद्रात पोलीस कोण ठेवणार? मग २००४ पासून रामकथा सांगणारे मोरारी बापू या मोहिमेत आले. त्यांनी कोळ्यांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. नाव पडलं ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. लेकीला कोण मारतं? जाळ्यात व्हाली अडकली तर कोळी जाळं कापून तिला सोडू लागले. कापलेल्या जाळ्याची भरपाई वन खातं देऊ लागलं. पुराव्यासाठी कोळ्यांनाच पाण्यात चालणारे कॅमेरे दिले गेले, सोडताना त्यांनीच फोटो काढायचे. आतापर्यंत शेकडो मासे असे सुटले. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित प्राणी जाळं कापून सोडणाऱ्या सागरी मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाईची योजना आहे.

ताइजीत कॅमेरा खोट्या दगडात लपलेला होता. इथे तो कोळ्याच्या हातात होता.

लेकीचं ऐकून बायकांच्या रांगेत चुळबुळ झाली. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती, घरोघरी झोके बांधायची बोलणी चालू होती, कोणाची पोर कोणत्या गाडीने येणार याचा हिशेब सुरू होता. एक आजी म्हणाल्या, “म्हंजे पोरगी आखाजीले माहेरले उनी, आसंच ना?” मी म्हटलं, आसंच.

दाराशी एक बाई उभ्या होत्या, भोईवाड्यातल्या. नवरा तापीत जाळं टाकतो. तोवर त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, “सर, जायाना पैसा खरंच देतस का?” देतात, मी म्हटलं, पण ती योजना समुद्राची. त्यांनी मान हलवली. त्यांच्या जाळ्यात दर पावसाळ्यात कासवं येतात, नवरा ती सोडून देतो. कायद्याने तेही धरता येत नाहीत, आणि सोडताना जाळं फाटतंच.

“मंग आमनं कासव,” चप्पल पायात सरकवत त्या म्हणाल्या, “ते कोनी पोर शे?”